फाईल उघडणें व दोष लिहिणें

आपल्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागांत वेळेचें महत्त्व, वाचनाचे लाभ, मातृभाषेचा अभिमान असे विषय दर वर्षीं येतात, आणि ते यावेतही. आज मात्र मी आपणांपुढें एक अगदीं कोरडा वाटणारा विषय मांडणार आहें. सी या संगणकभाषेंत फाईल उघडण्याचें जें एक लहानसें साधन आहे, त्याविषयींची माहिती कशी लिहून ठेवावी, आणि ती अपुरी लिहिली तर काय अनर्थ ओढवतो, हा तो विषय होय. ज्या धाकट्या विद्यार्थ्यांना संगणकाचा तास नाहीं त्यांनीं, व ज्या पालकांना संगणक म्हणजे मुलांचा प्रांत वाटतो त्यांनीं, कृपा करून पान उलटूं नये. या गोष्टींत संगणक जेवढा आहे, तेवढाच मनुष्याचा प्रामाणिकपणाही आहे.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊं. सी भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली, आणि आजही जगांतील असंख्य यंत्रांचा पाया तिच्यावरच उभा आहे. संगणकावर साठविलेलें पत्र, चित्र, गाणें किंवा हिशेब हें सर्व फाईलीच्या रूपानें असतें. प्रोग्रामाला फाईल वाचावयाची असो कीं तींत भर घालावयाची असो, आधीं ती उघडावी लागते. त्यासाठीं सी भाषेंत ‘एफ-ओपन’ नांवाचें एक फंक्शन, म्हणजे ठराविक काम करून देणारी तयार आज्ञा, आहे. त्याला दोन गोष्टी सांगावयाच्या : फाईलीचें नांव, आणि ती कशासाठीं उघडावयाची याचें अक्षर. ‘आर’ हें अक्षर वाचण्यासाठीं; ‘ए’ हें शेवटीं भर घालण्यासाठीं; आणि ‘डब्ल्यू’ हें नव्यानें लिहिण्यासाठीं. यांतील शेवटचें अक्षर मोठें धोक्याचें आहे. त्या नांवाची फाईल आधींच असेल, तर तींतील सर्व मजकूर तें एका क्षणांत पुसून टाकतें व कोरी फाईल आपल्या हातीं देतें, ‘पुसूं का?’ असें विचारीतही नाहीं.

एका अक्षराचें महत्त्व कांदिवलीकरांस निराळें सांगावयास नको. गाडीच्या फलाटावर ‘विरार’ एवढें नांव वाचून भागत नाहीं. शेजारीं जलद गाडीचें अक्षर आहे कीं धीम्या गाडीचें, हें पाहावें लागतें. विरारच्या कित्येक जलद गाड्या अंधेरी सोडल्यावर थेट बोरीवलीसच थांबतात. तें अक्षर न पाहतां चढलेला नवखा मनुष्य मालाड व कांदिवली हीं स्थानकें डोळ्यांदेखत मागें पडतांना पाहतो, आणि बोरीवलीस उतरून मुकाट्यानें उलट फिरतो. त्याची थोडी वेळ वायां जाते इतकेंच. फाईलीच्या बाबतींत चुकलेल्यास मात्र उलट फिरण्यासाठीं गाडी नसते.

आतां या साधनाची दुसरी बाजू. सी भाषा एक असली, तरी ‘एफ-ओपन’ हें काम प्रत्यक्ष करणारा तयार आज्ञांचा संच प्रत्येक प्रकारच्या संगणकावर वेगवेगळ्या लोकांनीं लिहिलेला आहे. या संचास सी लायब्ररी म्हणतात. लिनक्सवर बहुधा ग्नू प्रकल्पाची लायब्ररी असते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टची असते. मॅकवर बर्कली विद्यापीठाच्या परंपरेंतून आलेली असते. नांवें तींच, अक्षरें तींच; पण एकाच शिक्षकाकडे शिकलेले तीन विद्यार्थी जसे एकच उत्तर तीन तऱ्हांनीं लिहितात, तसें येथें होतें. बहुतेक ओळी जुळतात, आणि एखादी जुळत नाहीं. त्या न जुळणाऱ्या ओळीनें मला जो धडा दिला, तो सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. कांदिवलींत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लहानसें मोफत वाचनालय आहे. तेथें ग्रंथपालाचें काम पाहणारे वृद्ध गृहस्थ टपालखात्यांतून निवृत्त झालेले. लहानथोर सर्वजण त्यांना काका म्हणतात. पुस्तकांची नोंदवही जीर्ण झाल्यामुळें ती संगणकावर घ्यावी असें ठरलें, आणि मी संगणक शिकवितों म्हणून तें काम माझ्याकडे आलें. मीं सी भाषेंत एक छोटा प्रोग्राम लिहिला. काका व महाविद्यालयांत जाणाऱ्या दोन मुली यांनीं दीड महिना दररोज सायंकाळीं बसून सहाशेंच्यावर पुस्तकांच्या नोंदी माझ्या लिनक्स संगणकावर टाइप केल्या. सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें.

मग एका सभासदानें वाचनालयास आपला जुना मॅक संगणक भेट दिला. मीं नोंदींची फाईल पेनड्राइव्हवर हलविली. प्रत काढून ठेवावी हें मला सुचलें नाहीं, हा माझा पहिला अपराध. प्रोग्राम नव्या यंत्रासाठीं पुन्हां बांधून घेतला आणि सर्वांदेखत चालू केला. पडद्यावर अक्षरें उमटलीं : ‘नवीन नोंदवही तयार केली. एकूण पुस्तकें : ०.’

काका कांहीं वेळ पडद्याकडे व कांहीं वेळ कपाटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, पुस्तकें तर कपाटांत जागच्या जागीं आहेत. मग हें यंत्र शून्य कसें म्हणतें?”

यंत्र त्याच्या परीनें खरेंच सांगत होतें. फाईल कोरी झाली होती, आणि ती माझ्याच प्रोग्रामानें केली होती. घडलें तें असें. मीं फाईल ‘ए प्लस’ या अक्षरांनीं उघडली होती. म्हणजे वाचतांही यावें आणि शेवटीं भरही घालतां यावी. उघडल्यावर प्रोग्राम पहिली ओळ वाचून पाही. ओळ मिळाली तर नोंदवही जुनी, न मिळाली तर नवी, अशी माझी समजूत. नवी असेल तर तो ‘डब्ल्यू’ नें पुन्हां उघडून वर मथळा लिही. माझ्या लिनक्सवर ‘ए प्लस’ नें उघडलेल्या फाईलींत वाचन आरंभापासून सुरू होतें. मॅकवर तें फाईलीच्या शेवटापासून सुरू होतें. शेवटाच्या पलीकडे वाचण्यासारखें कांहींच नसतें. म्हणून पहिली ओळ मिळाली नाहीं. प्रोग्रामानें नोंदवही नवी मानली. आणि दीड महिन्याचें तिघांचें श्रम एका अक्षरानें पुसून टाकले.

त्या दोन मुलींपैकीं एक अगदीं हळू म्हणाली, “सर, परत टाइप करूं ना?” त्या शब्दांनीं मला जितकी लाज वाटली, तितकी कोणी रागें भरलें असतें तरी वाटली नसती.

दोष कोणाचा? लायब्ररी लिहिणाऱ्यांचा म्हणावा, तर लिनक्सच्या माहितीपुस्तिकेंत ‘एफ-ओपन’ च्या पानावर हा भेद स्पष्ट नोंदविलेला आहे : ग्नू लायब्ररींत वाचन आरंभापासून, आणि अँड्रॉइड, बर्कली परंपरेंतील प्रणाली व मॅक यांवर शेवटापासून. तें पान मीं पूर्वीं अनेकदां उघडलें होतें. परंतु वरचा भाग वाचून, ‘समजलें’ असें म्हणून मिटलें होतें. भाषेच्या नियमांत ढिलाई होती म्हणावें, तर तेंही तितकेंसें खरें नाहीं. सी भाषेचा जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, त्यांत या प्रश्नाचें उत्तर जाणून-बुजून लायब्ररी लिहिणाऱ्यावर सोंपविलें आहे. पण सोंपवितांना एक अट घातली आहे. अशा प्रत्येक बाबतींत लिहिणाऱ्यानें आपण काय ठरविलें तें लेखी नमूद केलेंच पाहिजे. मला ही अट फार मोलाची वाटते. मतभेद राहूं द्या, पण ते कागदावर राहूं द्या, असा तिचा अर्थ आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यांनीं आपला कागद लिहिला होता. लिहिला नव्हता तो मीं. माझ्या प्रोग्रामाबरोबर ठेवलेल्या टिपणांत याविषयीं एकच ओळ होती : ‘हें फंक्शन नोंदवही उघडतें.’ ही ओळ खोटी नव्हती. आणि तिचा उपयोगही कांहीं नव्हता.

माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा येथेंच आहे. एखादें साधन सर्व कांहीं ठीक असतांना काय करतें, एवढेंच लिहिणें म्हणजे माहिती लिहिणें नव्हे. तें केव्हां काम करीत नाहीं, कोणत्या यंत्रावर निराळें वागतें, आणि त्यांतील कोणते दोष आपणांस ठाऊक आहेत, हें लिहिल्यावांचून माहिती पुरी होत नाहीं.

हा विचार माझा नवा नाहीं. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची काढली. तींत पानांची मांडणी ठरलेली होती : नांव, वापरण्याची रीत, वर्णन, आणि शेवटाकडे ‘दोष’ असा एक स्वतंत्र मथळा. आपण निर्माण केलेल्या वस्तूच्या पानावरच तिचे दोष छापावयाचे, आणि तेही कोणी बोट दाखविण्यापूर्वीं! बाजारांत वस्तु विकणारा असें करीत नाहीं. परंतु ज्याला आपल्या मागून येणाऱ्याची काळजी आहे, तो करतो. आज पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी युनिक्सच्या वंशांतील माहितीपुस्तिकांत हा मथळा टिकून आहे, आणि त्या परंपरेच्या दीर्घायुष्याचें हेंही एक कारण असावें, असें मला वाटतें.

आतां कोणी म्हणेल, ‘एका अक्षराची एक गोष्ट सांगून तुम्ही डोंगर उभा करतां.’ म्हणून आणखी कांहीं खांचखळगे दाखवितों. विद्यार्थ्यांनीं ते आपल्या वहींत उतरून घ्यावेत.

पहिला खळगा चित्राचा. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररींत फाईल उघडण्याचे दोन प्रकार आहेत, मजकुराचा व बाइटचा. नुसतें ‘आर’ लिहिलें तर फाईल बहुधा मजकूर समजून उघडली जाते. मजकूर म्हटला कीं ओळीच्या शेवटच्या दोन खुणांची, म्हणजे १३ व १० या बाइटांची, एकच खूण केली जाते. आणि २६ या किंमतीचा बाइट आला कीं तेथेंच फाईल संपली असें मानलें जातें. ही जुन्या डॉस काळाची रीत आजही पाळली जाते. चित्रांत २६ हा बाइट कोठेंही येऊं शकतो. त्यामुळें विद्यार्थी चित्राची नक्कल करणारा प्रोग्राम लिहितो, आणि नक्कल केलेल्या चित्राचें डोकें येतें, धड येत नाहीं! उपाय सोपा आहे : ‘आर’ पुढें ‘बी’ लिहावें. लिनक्सवर या ‘बी’ चा कांहींच परिणाम होत नाहीं, आणि म्हणूनच लिनक्सवर शिकलेला मुलगा तें लिहिण्यास विसरतो. त्याच्या यंत्रावर त्याचा प्रोग्राम निर्दोष चालत असतो.

दुसरा खळगा परत आलेल्या उत्तराचा. फाईल उघडली नाहीं तर ‘एफ-ओपन’ रिकामा दर्शक परत देतें. तो रिकामा आहे कीं काय हें न पाहतां पुढें गेल्यास प्रोग्राम बहुधा तेथेंच कोसळतो. परंतु कां उघडली नाहीं, हें कसें कळावें? आमच्या काकांना मीं ही अडचण सांगितली, तेव्हां ते लगेच म्हणाले, “त्यांत काय मोठेंसें? परत जाणाऱ्या पत्रावर आम्ही कारण लिहितच असूं. पत्ता अपूर्ण, घर बंद, घेण्यास नकार. कारणावांचून पत्र परत पाठविणें म्हणजे कामांत कुचराई.” सी लायब्ररींतही अशी कारणें आहेत. त्या नांवाची फाईल नाहीं. उघडण्याची परवानगी नाहीं. एकाच वेळीं फार फाईली उघड्या आहेत. नांव फार लांब आहे. अशा प्रत्येक कारणास एक संकेत-नांव व एक अंक असतो. पण येथेंही सावध राहावें. ‘नांव फार लांब आहे’ या कारणाचा अंक लिनक्सवर ३६ आहे, मॅकवर ६३ आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररींत ३८ आहे. जो मनुष्य आपल्या टिपणांत ‘३६ आल्यास नांव लहान करावें’ असें लिहितो, तो मॅकवाल्यास चुकीच्या पत्त्यावर पाठवितो. म्हणून कारण अंकानें न लिहितां नांवानें लिहावें.

तिसरा खळगा खास आपला, मराठी माणसाचा आहे. आपण फाईलींना देवनागरींत नांवें देऊं लागलों, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सी लायब्ररीला नांव म्हणजे केवळ बाइटांची रांग. यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. मग तें व्यंजन असो, काना असो कीं अनुस्वार असो. लिनक्सवरील नेहमींच्या व्यवस्थेंत एका नांवास २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी नांवास २५५ अक्षरें मिळतात, तेव्हां आपल्यास ८५ चिन्हें मिळतात. विंडोजवर मोजण्याची रीत निराळी असल्यामुळें तेथें शंभर चिन्हांचें मराठी नांव सुखानें नांदतें, आणि तीच फाईल लिनक्सवर आणूं गेलें कीं ‘नांव फार लांब’ असें उत्तर येतें.

उलट विंडोजवर दुसरी अडचण. तेथें साधें ‘एफ-ओपन’ हें नांव यंत्राच्या जुन्या अक्षर-तक्त्यानुसार समजून घेतें. आणि त्या तक्त्यांत देवनागरीस कधीं स्थानच मिळालें नाहीं. त्यामुळें मराठी नांवाची फाईल डोळ्यांसमोर दिसत असतां प्रोग्रामास ती सांपडत नाहीं. यासाठीं मायक्रोसॉफ्टनें ‘एफ-ओपन’ चा एक विस्तृत अक्षरांचा वेगळा अवतार दिला आहे. पण तो लिनक्सवर नाहीं. २०१९ च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून प्रोग्रामाला ‘मी यूटीएफ-८ वापरतों’ असें आधींच जाहीर करण्याची सोय झाली, आणि तेव्हांपासून वाट थोडी सुकर झाली आहे. परंतु ही सोय ज्याच्या टिपणांत लिहिलेली नाहीं, त्याचा प्रोग्राम जुन्या यंत्रावर कां अडला, हें त्याच्या मागून येणाऱ्यास कधींच कळणार नाहीं.

याहून सूक्ष्म असा एक दोष आमच्या वाचनालयांत त्या दोन मुलींपैकीं एकीनें शोधून काढला. विषयवार याद्यांच्या फाईली आम्हीं केल्या होत्या. त्यांतील एकीचें नांव ‘कादंबऱ्या’. एके दिवशीं ती फाईल तिनें स्वतःच्या भ्रमणध्वनीवर नव्यानें तयार करून पाठविली, आणि प्रोग्राम म्हणे, अशी फाईलच नाहीं. दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर काना-मात्रेचाही फरक दिसेना. शेवटीं तिनें बाइट मोजले. एक नांव २७ बाइटांचें निघालें, दुसरें ३० बाइटांचें! मराठींत ‘ऱ्या’ हें जोडाक्षर संगणकावर दोन रीतींनीं लिहितां येतें. एका रीतींत त्यासाठीं युनिकोडनें दिलेलें स्वतंत्र ‘ऱ’ हें अक्षर वापरतात. दुसरींत साध्या ‘र’ ला हलन्त देऊन त्यापुढें एक न दिसणारें जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखींच. बाइटांच्या रांगा मात्र भिन्न, आणि ‘एफ-ओपन’ डोळ्यांनीं वाचीत नाहीं. कादंबऱ्या, दऱ्या, शेतकऱ्यांची यादी, सुट्टीच्या तासाऱ्या ठेवलेली एखादी ‘पायऱ्या’ नांवाची कविता, असलीं नांवें आपण नित्य देतों. परदेशांत लिहिलेल्या माहितीपुस्तिकेंत हा दोष आपणांस बहुधा आढळणार नाहीं. तो आपला आहे. तो आपणच लिहिला पाहिजे, आणि आपल्या भाषेंत लिहिला पाहिजे.

चौथा खळगा काळाचा. नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लिनक्सवर नेला, तर कधीं कधीं तो सुरूच होत नाहीं. ‘ग्नू लायब्ररीची २.३४ ही आवृत्ति सांपडली नाहीं’ अशा अर्थाची ओळ दाखवून थांबतो. ही आवृत्ति २०२१ च्या ऑगस्टमध्यें आली. त्यापूर्वींच्या यंत्रावर ती कोठून असणार? याच्या उलट, जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावा म्हणून लायब्ररी लिहिणारे किती जपतात, त्याचें एक उदाहरण पाहा. १९९९ मध्यें २.१ ही आवृत्ति आली, तेव्हां उघडलेल्या फाईलीची माहिती ठेवण्याची अंतर्गत रचना बदलली. तरी ३२-बिट इंटेल यंत्रांसाठीं जुनें ‘एफ-ओपन’ त्यांनीं फेकून दिलें नाहीं. जुनें व नवें अशीं दोन्ही फंक्शनें आवृत्तीची चिठ्ठी लावून एकाच लायब्ररींत ठेवलीं, म्हणजे जुन्या प्रोग्रामास जुनें मिळावें व नव्यास नवें. दिलेला शब्द पाळणें याहून निराळें काय असतें? आणि शब्द पाळावयाचा, तर तो काय दिला होता हें आधीं लिहिलेलें असावें लागतें.

या सर्वांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, ‘वाचतो कोण? चालवून पाहावें, चाललें म्हणजे झालें.’ माझा प्रोग्रामही दीड महिना चालत होता. चालवून पाहिल्यानें आपल्या यंत्रावर काय होतें एवढेंच कळतें; दुसऱ्याच्या यंत्रावर काय होईल, हें वाचल्यावांचून वा विचारल्यावांचून कळत नाहीं. दुसरा आक्षेप अलीकडचा आहे : ‘आतां प्रोग्राम लिहून देणारीं बुद्धिमान यंत्रें आलीं, आम्हीं हें कशाला शिकावें?’ तीं यंत्रें उपयोगी आहेत, यांत शंका नाहीं. परंतु तीं शिकलीं तीं मनुष्यांनीं लिहून ठेवलेल्या मजकुरावरूनच. जें कोणींच लिहिलें नाहीं, तें तींही कोठून सांगणार? आणि आमच्या वाचनालयास कोणी मॅक भेट देणार आहे, हें त्यांना आधीं कोण सांगणार होतें?

दोष लिहिण्यास मन धजत नाहीं, याचें खरें कारण आळसाहून वेगळें आहे असें मला वाटतें. आपणांस भय वाटतें कीं, दोष लिहिला तर गुण कापले जातील. हें भय मुलांच्या मनांत आम्हीं शिक्षकांनीं व पालकांनींच घातलें आहे. प्रकल्प दाखवावयाचा तो झळझळीत असावा, पडद्यावर सर्व कांहीं हिरवेंगार दिसावें, परीक्षकापुढें कांहीं अडूं नये, अशी आमची अपेक्षा. मग मुलगा अडणारी जागा झांकून ठेवण्यास शिकतो. म्हणून माझी शाळांस एक नम्र सूचना आहे. संगणकाच्या प्रत्येक प्रकल्पाबरोबर एक पान मराठींत लिहून घ्यावें. त्यांत पांच गोष्टी असाव्यात : प्रोग्राम कोणती फाईल उघडतो, कोणत्या अक्षरानें उघडतो व तेंच अक्षर कां, फाईल न उघडल्यास काय करतो, कोणत्या यंत्रावर व कोणत्या लायब्ररीवर पारखून पाहिला, आणि ठाऊक असलेले दोष कोणते. या पानास प्रोग्रामाइतकेच गुण द्यावेत. आणि दोषांचा रकाना कोरा सोडणाऱ्यास प्रेमानें विचारावें, ‘बाळ, एकही नाहीं? कीं शोधलाच नाहीं?’

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी घरीं येऊन ‘माझा प्रोग्राम चालला’ असें सांगेल, तेव्हां शाबासकी जरूर द्यावी. पण पुढें एवढें विचारावें, ‘आणि फाईल तेथें नसली तर काय होतें, बरें?’ हा प्रश्न विचारण्यास सी भाषा यावी लागत नाहीं. स्वयंपाक शिकविणारी आई ‘मीठ जास्त झालें तर काय करशील?’ असें विचारतेच कीं नाहीं?

आमच्या वाचनालयाच्या नोंदी पुन्हां टाइप झाल्या. या वेळीं मीही रोज सायंकाळीं शेजारीं बसलों. प्रोग्राम बदलला. आतां तो फाईल आधीं ‘आर’ नें उघडून पाहतो. न उघडल्यास कारण वाचतो. आणि नवी फाईल करावयाची झाल्यास ‘डब्ल्यू’ पुढें ‘एक्स’ हें अक्षर लावतो, म्हणजे त्या नांवाची फाईल आधींच असेल तर ती पुसण्याऐवजीं उघडण्यासच नकार मिळतो. हें अक्षर २०११ च्या दंडकानें सी भाषेंत आणलें; जुन्या लायब्ररींत तें असेलच असें नाहीं, आणि तसें टिपणांत लिहिलें आहे. नोंदींच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं असतात.

तें टिपण काकांनीं छापून कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविलें आहे. त्यांत ‘दोष’ या मथळ्याखालीं आज चार ओळी आहेत. पहिल्या तीन माझ्या हातच्या. चौथी ‘ऱ’ विषयींची ओळ त्या मुलीनें लिहिली, आणि खालीं तारीख घातली. तिच्यानंतर येणाऱ्यासाठीं काकांनीं तेथें थोडी कोरी जागा मुद्दाम सोडून ठेवली आहे.